कुलपाची गोष्ट : चांद्याच्या खिडक्यांपासून मोटारीच्या दारापर्यंत

श्रोतेहो, गोंडपिपरीकडची मंडळी कोर्टकचेरीला, मोठ्या दवाखान्याला किंवा लग्नाच्या बस्त्याला निघाली, की कोठारी, बल्लारपूर करीत चंद्रपूरला येतात. चंद्रपूर म्हणजे आपले जुने चांदा. गोंड राजांनी या गावाभोवती दगडी परकोट घातला. त्या परकोटाला चार दरवाजे आहेत : जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. त्यांखालून आपण शेकडो वेळा गेलो असू. पण या चार दरवाजांखेरीज परकोटाला पाच लहान वाटाही आहेत. त्यांना लोक खिडक्या म्हणतात : बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी आणि मसाण खिडकी.

आता पाहा, भिंत एवढी भक्कम, दरवाजे एवढे अवाढव्य, मग या खिडक्या कशाला ठेवल्या असतील? मसाण खिडकीचे काम तर नावावरूनच ध्यानात येते. गावातल्या माणसाला काही वेळा मोठ्या दरवाजाची वाट पाहता येत नाही. शत्रूला आत येऊ न देणे हे परकोटाचे एक काम. आणि आतल्या माणसाला अडचणीच्या वेळी बाहेर पडता येणे, हे दुसरे. ज्यांनी हा परकोट बांधला, त्यांनी दोन्ही कामांचा विचार केला होता.

आज मला ज्या वस्तूविषयी सांगायचे आहे ती या परकोटापुढे अगदीच चिमुकली आहे. मोटारीच्या दारात बसवलेले ते एक विजेचे यंत्र. किल्लीवरची कळ दाबली, की चारही दारांतून 'खट्' असा आवाज येतो आणि कुलपे लागतात. तो आवाज करणारे हे यंत्र. कंपनीच्या कागदावर त्याचे नाव ॲक्च्युएटर. गॅरेजमधला मिस्त्री त्याला नुसती 'लॉकची मोटर' म्हणतो. ती बिघडते कशी आणि बदलतात कशी, हे तर पाहूच. पण तिच्यामागे माणसाच्या कुलपाची मोठी लांब गोष्ट आहे. ती समजली, म्हणजे एवढ्याशा मोटरीकडे कोणत्या नजरेने पाहावे तेही समजेल.

आपल्या जंगलपट्टीतल्या जुन्या घरांना कुलूप ठाऊकच नव्हते म्हटले तरी चालेल. बांबूची ताटी दाराला लावली, की झाले. ती चोराला अडवत नसे. कुत्र्याला आणि शेळीला अडवी. जरा बऱ्या घरांना लाकडी कवाड आले, आणि कवाडाला आतून घालायची आगळ आली. भिंतीतल्या खोबणीतून ओढून काढायचा तो जाड वासा आजही जुन्या वाड्यांत दिसतो. आगळीत एक गुण आहे आणि एक दोष. गुण असा, की ती आतल्या माणसाच्या हातात असते. त्याने ओढली की दार मोकळे. दोष असा, की घरात कोणी नसेल तर ती घालणार कोण? सारे घर यात्रेला निघाले, म्हणजे आगळ निरुपयोगी. बाहेरून लावता येईल आणि धन्याशिवाय कोणाला उघडता येणार नाही, अशी वस्तू हवी होती. तीच कुलूप.

असे कुलूप फार पुरातन काळी इजिप्त देशात लाकडाचे करीत. आडव्या दांड्याला भोके असत आणि वरून लाकडी खुंट्या आपल्याच वजनाने त्या भोकांत उतरत. दांडा अडकून बसे. किल्लीही लाकडाचीच, तिला वर आलेले दात. किल्ली खालून घालून उचलली, की सगळ्या खुंट्या नेमक्या उंचीवर येत आणि दांडा सरके. अमेरिकेत लायनस येल या कारागिराने १८६१ सालच्या सुमारास हीच जुनी युक्ती पितळेच्या लहानशा नळीत बसवली. खुंट्यांच्या जागी बारीक पिना आल्या आणि वजनाच्या मदतीला स्प्रिंगा आल्या. आज आपण मोटारीच्या दारात जी किल्ली फिरवतो, तिचेही तत्त्व याच घराण्यातले. चार हजार वर्षांत लाकडाचे धातू झाले. पण ठरावीक अडथळे ठरावीक जागी आणले म्हणजे वाट मोकळी होते, ही कल्पना तीच राहिली.

आपल्या मुलखातही या विद्येचा एक मोठा कारागीर होऊन गेला. अर्देशीर गोदरेज हे शिकले वकिली. पण तो व्यवसाय त्यांनी सोडून दिला. शस्त्रक्रियेची हत्यारे बनवण्याचा उद्योग करून पाहिला, तो चालला नाही. त्या सुमारास मुंबईत घरफोड्या वाढल्याच्या बातम्या त्यांनी वाचल्या, आणि १८९७ साली लालबागला एका लहानशा जागेत कुलपे करायला सुरुवात केली. परदेशी कुलपाच्या तोडीचे कुलूप इथला कारागीर करू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. ज्या माणसाचा पहिला उद्योग बुडाला त्याने दुसऱ्यांदा हत्यार हाती धरले, एवढा भाग तरी गुरुजींनी वर्गात जरूर सांगावा.

आता मोटारीकडे येऊ. पहिल्या मोटारी म्हणजे घोड्यावाचूनच्या बग्ग्याच होत्या. पुष्कळांना दारे नव्हती. मग कुलूप कोठून असणार? दुसऱ्या महायुद्धातल्या जीपगाडीलाही दार नव्हते, नुसता पट्टा अडकवायचा. पुढे स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जीपगाड्या जोडायला घेतल्या, आणि जंगलखात्याच्या, महसुलाच्या साहेबांबरोबर ती गाडी आपल्या रानवाटांवर आली. तिला कापडी दार लावले तरी मोठे. चोरीची भीती नव्हती असे नाही. पण अख्ख्या पंचक्रोशीत एकच जीप, ती चोरून नेणार कोठे?

एस्.टी.चा जन्म १ जून १९४८ चा. पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. तिच्या दाराचा कारभार कंडक्टरच्या हाती. दार ओढून घ्यायचे, खटका लावायचा आणि दोरी ओढून घंटी द्यायची. त्या कारभारात एक मोठी सोय होती : दार अडकले, तर ते सोडवायला माणूस दारापाशीच उभा असे.

विजेने कुलूप लावण्याची गोष्ट मात्र निराळ्याच रस्त्याने आली. १८२० साली डेन्मार्कमधल्या ओर्स्टेड या शास्त्रज्ञाने पाहिले, की तारेतून वीज गेली म्हणजे जवळची होकायंत्राची सुई हलते. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडात मायकेल फॅरडेने विजेच्या जोरावर तार गोल फिरवून दाखवली. हा फॅरडे लहानपणी पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी करीत होता. आणि १८२५ साली स्टर्जन याने लोखंडाच्या नालाभोवती तार गुंडाळून विजेचे चुंबक तयार केले. शिक्षकबंधूंनो, हा प्रयोग वर्गात सहज होतो. एक मोठा खिळा, रोगण लावलेली तांब्याची तार आणि विजेरीतला एक सेल. तार खिळ्याभोवती गुंडाळून तिची टोके सेलला क्षणभर लावली, की खिळा टाचण्या उचलतो. सोडली, की टाचण्या गळून पडतात. तार फार वेळ लावून ठेवू नये, ती तापते. विजेने वस्तू ढकलता आणि ओढता येते, एवढे मुलांना कळले म्हणजे मोटारीचे कुलूप निम्मे कळले.

अमेरिकेतल्या स्क्रिप्स-बूथ नावाच्या मोटारीला १९१४ सालीच विजेवर चालणारी दाराची कुलपे होती. पण ती चैन तेवढ्यावरच राहिली. पुढे १९५६ साली पॅकार्ड कंपनीने ती पुन्हा आणली, आणि मग महागड्या मोटारींतून तिचा प्रसार झाला. काही जर्मन मोटारींत तर विजेच्या मोटरीऐवजी बारीक नळ्यांतून हवा ओढून कुलपे हलवीत. १९८२ साली फ्रान्सच्या रेनो कंपनीने दुरून कळ दाबून कुलूप उघडण्याची सोय विक्रीला आणली. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात नव्या मोटारी आल्या आणि 'सेंट्रल लॉक' हा शब्द खेड्यापर्यंत पोचला. ज्यांच्या गाडीत ते नव्हते, त्यांनी बाजारातून चार मोटरींचा संच आणून मिस्त्रीकडून बसवून घेतला. जी गोष्ट एके काळी अमेरिकेतल्या धनिकाची, ती आज प्रवासी वाहतूक करणाऱ्या साध्या गाडीच्या दारात आहे.

दाराच्या पोटात काय असते ते आता नीट समजून घेऊ. तिथे तीन वस्तू असतात आणि लोक त्या एकच समजतात. पहिली खटका : दार आपटले की चौकटीवरच्या कडीला पकडतो तो लोखंडी आकडा. दुसरे कुलूप : खटका सोडणाऱ्या मुठीचा संबंध तोडणारी लहानशी पट्टी. कुलूप लागले म्हणजे मूठ हलते, पण तिचे ओढणे खटक्यापर्यंत पोचत नाही. आणि तिसरी आपली लॉकची मोटर : ती त्या पट्टीला ढकलते किंवा ओढते, एवढेच. पूर्वी जे काम आपले बोट खिडकीजवळची खुंटी खाली दाबून करीत होते, ते आता ही मोटर करते.

मोटर लहानच असते, विजेरीच्या सेलएवढी. तिच्या टोकाला बारीक दातांची चक्रे असतात. ती बहुधा प्लास्टिकची. बॅटरीची १२ व्होल्टची वीज एका दिशेने गेली, की मोटर सुलटी फिरते आणि कुलूप लागते. विजेची दिशा उलटली, की ती उलटी फिरते आणि कुलूप उघडते. हे सारे क्षणार्धात होते आणि वीज बंद होते.

बिघडते ती का? आपल्या चंद्रपूरचा उन्हाळा सांगायला नको. पारा ४७–४८ अंशांवर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीचे पत्रे तर हात लावू देत नाहीत. त्या उष्णतेने वर्षानुवर्षे प्लास्टिक ठिसूळ होते, वंगण वाळते. मग पावसाळ्यात काचेच्या फटीतून पाणी उतरते, कच्च्या रस्त्याची धूळ बसते. अखेर एखाद्या चक्राचा दात तुटतो, नाहीतर मोटरीतला विजेचा स्पर्श काळवंडतो.

तरीही लगेच नवी मोटर आणायला धावू नये. आधी कान द्यावा. कळ दाबल्यावर चारही दारे मुकी असतील, तर दोष बहुधा मोटरीचा नव्हे. फ्यूज, कळ किंवा बॅटरी पाहावी. एकच दार मुके असेल, तर दार आणि चौकट यांच्यामधली रबरी नळी पाहावी. तिच्यातून तारा जातात, आणि दाराच्या प्रत्येक उघडझापीला त्या वाकतात. कित्येकदा तार तिथेच आतल्या आत तुटलेली सापडते. दारातून नुसतीच गुरगुर येते आणि कुलूप हलत नाही, तर मोटर फिरते आहे पण दात गेले आहेत असे समजावे. मोटरीच्या जोडावर मिस्त्रीने तपासणीचा दिवा लावला, कळ दाबल्याबरोबर तो क्षणभर पेटला आणि तरी मोटर हलली नाही, तर मात्र मोटर गेली. या पाच मिनिटांच्या तपासणीने शेतकऱ्याचे पैसे वाचतात.

बदलण्याचे काम कौशल्याचे खरे, पण जादूचे नाही. काच पूर्ण वर करून ठेवावी आणि बॅटरीची ऋण तार सोडावी. दारात एअरबॅग असलेल्या गाडीत त्यानंतर कंपनीच्या पुस्तकात सांगितला असेल तेवढा वेळ थांबावे. दाराच्या आतल्या आवरणाचे स्क्रू मुठीच्या वाटीत आणि हात टेकायच्या जागी लपलेले असतात. ते काढल्यावर कडेच्या चापा लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने हळूच सोडवाव्यात. लोखंडी पहार घालणारा मिस्त्री चापा मोडतो आणि मग आवरण जन्मभर खडखडते. आवरणामागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो फाडू नये. दारात उतरणारे पाणी गाडीत येऊ न देणारा तोच. मग काड्या आणि तारा दिसतात. कोणती काडी कोठे अडकली आहे त्याचे कागदावर चित्र काढून ठेवावे. आठवणीवर भरवसा ठेवू नये. काही गाड्यांत मोटर दोन-तीन स्क्रूंनी वेगळी बसवलेली असते, ती तेवढीच बदलते. पुष्कळ नव्या गाड्यांत ती खटक्याशी एकजीव असते; तिथे दाराच्या कडेचे स्क्रू काढून सारा जोडच बदलावा लागतो.

आणि आता एक गोष्ट, जी नवशिका विसरतो आणि मग डोक्याला हात लावतो. नवी मोटर बसवून बॅटरीची तार जोडली, की दार लावू नये! दार उघडेच ठेवून खटक्याचा आकडा स्क्रूड्रायव्हरने मिटवावा, कळ दाबून कुलूप लावावे, उघडावे. मग बाहेरची मूठ आणि आतली मूठ ओढून आकडा सुटतो की नाही पाहावे. एखादी काडी चुकली असेल आणि दार लागले, तर ते आतून उघडत नाही, बाहेरून उघडत नाही, आणि आवरण काढायलाही वाव उरत नाही. सगळे ठीक दिसले, म्हणजेच प्लास्टिकचा कागद पुन्हा चिकटवून आवरण बसवावे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? एक दार किल्लीने लावू, चालेल तसे चालवू. श्रोतेहो, प्रश्न इथेच आहे. समजा, रात्रीची वेळ आहे, आणि गोंडपिपरीहून बाळंतिणीला घेऊन गाडी चंद्रपूरला निघाली आहे. पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा रस्ता, मध्ये जंगल. दवाखान्याच्या दारात गाडी थांबते आणि तिच्या बाजूचे दार उघडत नाही. आतली मूठही महिन्यापूर्वीच तुटलेली. किंवा समजा, मे महिन्यातली दुपार आहे. मूल खेळता खेळता उभ्या गाडीत शिरले, कुलूप लागले आणि बॅटरी उतरलेली. उन्हात उभ्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच दहा-अकरा अंशांनी उष्णता वाढते, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा फार लवकर तापते. अशा वेळी त्या दाराला चोराची भीती राहिलेली नसते. भीती असते ती दाराचीच.

ही भीती ओळखूनच सरकारला नियम करावा लागला. केंद्र सरकारने १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना एअरबॅग आणि पट्ट्याची सूचना देणाऱ्या यंत्राबरोबर आणखी एक गोष्ट सक्तीची केली : विजेचे कुलूप बंद पडले तरी ते हाताने उघडता आले पाहिजे. गाडी पाण्यात गेली, पेटली, उलटली, वीज तुटली, तरी आतल्या माणसाच्या हाताला एक वाट मोकळी राहिली पाहिजे. चांद्याच्या परकोटाला ज्यांनी पाच खिडक्या ठेवल्या, त्यांना हा नियम समजावून सांगावा लागला नसता.

पण जुन्या गाडीला नियम शिकवता येत नाही; तिथे धन्यालाच दक्ष राहावे लागते. म्हणून तीन गोष्टी येत्या रविवारी करून पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे. एक : गाडी उभी करून कुलूप लावा, आत बसा आणि प्रत्येक दार फक्त हाताने, आतून उघडते का पाहा. मागच्या दाराच्या कडेला मुलांसाठी एक लहान कळ असते, ती लावलेली असेल तर ते दार आतून उघडत नाही. ती कोठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. दोन : दुरून चालणाऱ्या किल्लीच्या पोटात बहुधा एक साधी धातूची किल्ली असते, ती बाहेर काढून कोणत्या दाराला चालते ते बघा. वर्षानुवर्षे न वापरल्यामुळे तिथले भोक गंजलेले असेल, तर आजच त्यात थोडे वंगण सोडा. तीन : कोणी आत अडकलेच, तर समोरची काच फोडत बसू नका, ती सहजासहजी जागा सोडत नाही, अडकलेल्या माणसापासून दूरच्या बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार वस्तूने घाव घाला. आणि उभ्या गाडीला कुलूप लावून ठेवा. उघड्या गाडीत मूल शिरते.

शिक्षकबंधूंनाही एक सांगायचे आहे. इतिहासाच्या तासाला परकोट शिकवताना मुलांना राजांची नावे आणि सनावळ्या आपण सांगतोच. १७५१ साली चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले, १८१८ साली ते शहर इंग्रजांनी घेतले, हे मुलांना ठाऊक असावेच. पण सहल चंद्रपूरला गेली, म्हणजे दरवाजांबरोबर एखादी खिडकीही दाखवावी, आणि विचारावे : ही कशाला ठेवली असेल? मुले आपापल्या परीने उत्तरे देतील. मग शाळेच्या गाडीपाशी येऊन तिचे दार आतून उघडायला सांगावे.

दार उघडले, तर धडा पुरा झाला. नाही उघडले, तर त्याच दिवशी गाडी मिस्त्रीकडे न्यावी.